कफ पातळ झाला, पण बाहेर कोण काढणार?

प्रश्न : वडील ७१ वर्षांचे आहेत. सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा फुप्फुसाचा जुना आजार) आहे, सिगारेट सोडून सहा वर्षं झाली. डॉक्टरांनी अ‍ॅसिटिलसिस्टिनची ६०० मिलिग्रॅमची, पाण्यात विरघळणारी, कफ पातळ करणारी गोळी रोज एक अशी चालू केली. पहिल्या तीन दिवसांत कफ कमी व्हायच्या ऐवजी वाढला, म्हणून आई रात्री त्यांना घरात पडलेलं खोकल्याचं सिरप देते आहे. मागच्या आजारपणातल्या नेब्युलायझरच्या कुप्याही उरल्या आहेत, त्या वापरल्या तर चालतील का? बाबांना अँजायनासाठी (हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखतं त्यासाठी) नायट्रेटची गोळी आहे. कफाची ही गोळी किती दिवस घ्यायची? कायम घेतली तर अपाय होईल का? आणि माझ्या दीड वर्षाच्या मुलीची छाती घरघरते आहे, तिला यातलंच काही अर्ध्या मात्रेत देता येईल का?

उत्तर :

आजच करायच्या दोन गोष्टी आधी सांगते. रात्रीचं ते सिरप थांबवा. आणि मुलीला मोठ्यांचं कफ पातळ करणारं औषध अर्ध्याच काय, पाव मात्रेतही देऊ नका. तिसरी गोष्ट फोनवर होण्यासारखी आहे: ज्यांनी गोळी लिहून दिली त्यांना बाबांच्या नायट्रेटची माहिती आहे का, ते विचारून घ्या. छातीचे डॉक्टर वेगळे आणि हृदयाचे वेगळे असले की दोघांच्या चिठ्ठ्या एकमेकांना कधी भेटतच नाहीत, हे मी इतकी वर्षं पाहते आहे.

आता कफ वाढल्याबद्दल. श्वासनलिकेला चिकटून बसलेला कफ सुटला की तो वर येतो, खोकल्यात दिसतो, आणि घरच्यांना वाटतं औषध उलटलं. पहिले काही दिवस असं होऊ शकतं आणि त्यात घाबरण्यासारखं नसतं. पण दरवेळी हेच कारण असेल असं धरून चालू नका, कारण सीओपीडी बळावतानाही कफच वाढतो. दोन्हींतला फरक ओळखायला मी तीन गोष्टी विचारते. बेडका नेहमीपेक्षा पिवळा-हिरवा झाला आहे का? त्याचं प्रमाण वाढलंय का? आणि नेहमीच्या हालचालींना लागणारी धाप वाढली आहे का? कफ वाढला, पण रंग तोच पांढुरका आणि बाबा जिना नेहमीसारखाच चढतात, तर गोळी चालू ठेवून वाट पाहता येते. या तिन्हींतल्या दोन गोष्टी एकदम बदलल्या असतील, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. तिथे कफाच्या गोळीचा काही उपयोग नाही. तेव्हा इनहेलर वाढवणं, बहुतेकदा स्टेरॉइडचा छोटा कोर्स आणि गरज असेल तर अँटिबायोटिक, हे उपचार लागतात.

सिरप थांबवा म्हणाले, कारण ते आणि ही गोळी एकमेकांच्या विरुद्ध दिशेला ओढतात. एक कफ सुटा करायला बघतं आणि दुसरं तो बाहेर फेकणारा खोकलाच झोपवतं. सुटलेला कफ मग खाली साचतो, आणि साचलेल्या कफात जंतू वाढतात. कोरड्या खोकल्याच्या सिरपात बहुधा डेक्स्ट्रोमेथॉर्फन असतं, काहींत कोडीन. सीओपीडीच्या माणसाला कोडीन विशेष वाईट, कारण ते श्वासाचा वेगही मंदावतं आणि शरीरात कार्बन डायऑक्साइड साठू शकतो. शिवाय अनेक सिरपांत क्लोरफेनिरामीनसारखं अ‍ॅलर्जीचं औषध मिसळलेलं असतं. त्याने झोप येते, म्हणून घरच्यांना वाटतं गुण आला. पण ते स्राव सुकवतं, कफ आणखी चिकट करतं, आणि प्रोस्टेट वाढलेल्या म्हाताऱ्या माणसाची लघवी अडवू शकतं. बाटली मागे वळवा आणि बारीक अक्षरातलं वाचा. एकाच बाटलीत कफ पातळ करणारं, खोकला दाबणारं आणि स्राव सुकवणारं अशी तिन्ही औषधं एकत्र कोंबलेली मी पाहिली आहेत. तीन बैल तीन दिशांना जुंपलेली गाडी कुठे जाणार?

कफ म्हणजे नेमकं काय हे कळलं की पुढचं सगळं सोपं होतं. निरोगी माणसाच्या श्वासनलिकेतही तो रोज तयार होत असतो, आपण तो नकळत गिळून टाकतो. त्यात ९५ टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. बाकी क्षार, थोडी प्रथिनं, आणि म्यूसिन नावाच्या प्रथिनाचे लांबच लांब धागे. या धाग्यांच्या जाळ्यात धूळ आणि जंतू अडकतात, आणि नळीच्या अस्तरावरचे केसांसारखे तंतू सेकंदाला दहाएक वेळा हलून तो थर वर घशाकडे सरकवत राहतात. वर्षानुवर्षांच्या धुराने दोन्हीकडून नुकसान होतं. म्यूसिन बनवणाऱ्या पेशी वाढतात आणि तंतू मोडतात, म्हणजे माल जास्त आणि वाहून नेणारे हात कमी. त्यात जंतुसंसर्ग झाला की मेलेल्या पांढऱ्या पेशींचा डीएनए कफात मिसळतो आणि तो आणखी दोरीसारखा चिवट होतो. हिरवा रंगही त्या पेशींतल्या एका द्रव्याचाच असतो.

औषधं या साखळीत वेगवेगळ्या ठिकाणी हात घालतात, म्हणून सगळ्यांना सरसकट ‘कफाचं औषध’ म्हणणं मला खटकतं. अ‍ॅसिटिलसिस्टिन म्यूसिनच्या धाग्यांमधले गंधकाचे दुवे तोडतं. गोळी विरघळताना येणारा सडक्या अंड्यासारखा वास त्या गंधकाचाच, गोळी खराब झाल्याचा नाही. कार्बोसिस्टीन धागे तोडत नाही, नव्याने बनणाऱ्या म्यूसिनची घडण बदलतं. ब्रोमहेक्झिन आणि अँब्रॉक्सॉल पातळ स्राव वाढवतात. ब्रोमहेक्झिन मुळात अडुळशातल्या व्हॅसिसीन या द्रव्यावरून घडवलं गेलं, आणि अँब्रॉक्सॉल म्हणजे शरीरात ब्रोमहेक्झिनचं जे रूपांतर होतं तेच. याचा व्यवहारातला अर्थ असा की सिरपात ब्रोमहेक्झिन आणि गोळीत अँब्रॉक्सॉल असं दोन्ही चालू असेल, तर तुम्ही एकच औषध दोनदा देत आहात. क्षारांचं तीव्र द्रावण नेब्युलायझरने दिलं की नळीत पाणी ओढून घेतं. आणि डॉर्नेझ अल्फा कफातला डीएनए कापतं. ते सिस्टिक फायब्रोसिस या जन्मजात आजारासाठी आहे. इतर कारणांनी श्वासनलिका रुंदावलेल्या रुग्णांवर ते वापरून पाहिलं, तेव्हा १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्यांचा आजार उलट जास्त वेळा बळावला. कफ पातळ करणं ही नेहमीच चांगली गोष्ट असते, या समजाला तिथे पहिला धक्का बसला.

मला तो धक्का त्याच्या आधीच बसला होता. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. पक्षाघाताने एक बाजू लुळी पडलेले एक गृहस्थ वॉर्डात होते. छातीत घट्ट कफ, खोकल्यात जोर नाही. संध्याकाळच्या राउंडला मी अ‍ॅसिटिलसिस्टिनचं नेब्युलायझेशन लिहिलं आणि निघून गेले. औषधाने आपलं काम चोख केलं. रात्री कफ लोण्यासारखा सुटला, आणि तो खोकून काढायची ताकद त्या माणसात नव्हती. परिचारिकेने वेळेवर सक्शन (कफ ओढून काढणारं यंत्र) लावलं म्हणून ते वाचले. चूक औषधाची नव्हती, माझी होती. पातळ झालेला कफ बाहेर कोण काढणार, हे मी स्वतःला विचारलंच नव्हतं. तेव्हापासून हे औषध लिहिण्याआधी मी रुग्णाला माझ्यासमोर एकदा खोकायला सांगते. खोकला ठणठणीत असेल तर पुढे. नुसता खुसखुस आवाज आला, तर आधी फिजिओथेरपिस्ट, आणि अंथरुणाला खिळलेला रुग्ण असेल तर घरी सक्शन मशीन आणि ते चालवता येणारं माणूस. नसेल तर नळीत ओढून घ्यायचं औषध मी देत नाही.

तुमचे वडील चालते-फिरते आहेत, स्वतः खोकून काढतात, म्हणून त्यांच्याबाबतीत ही धास्ती कमी. शिवाय तोंडाने घेतलेल्या अ‍ॅसिटिलसिस्टिनचा बराचसा भाग यकृतातच खर्च होतो, जेमतेम दहावा हिस्सा रक्तात पोहोचतो. त्यामुळे गोळीने एकाएकी छाती भरून येत नाही. नेब्युलायझरचं औषध थेट नळीत पडतं, म्हणून ते जास्त जोरकस आणि म्हणूनच जास्त जपून वापरायचं.

तर त्या उरलेल्या कुप्या. आधी त्या कशाच्या आहेत ते बघा. एकाच आजारपणात सालब्युटामॉल, स्टेरॉइड, साधं सलाइन आणि अ‍ॅसिटिलसिस्टिन अशा चार प्रकारच्या कुप्या घरी येतात, आणि सगळ्या एकसारख्या दिसतात. अ‍ॅसिटिलसिस्टिनची उघडलेली कुपी फ्रीजमध्ये ठेवावी लागते आणि ९६ तासांत संपवायची असते. उघडल्यावर तिला फिकट जांभळी छटा आली तर बिघडत नाही, पण महिन्यापूर्वी उघडलेली कुपी मात्र सरळ टाकून द्या. बंद आणि मुदतीतली असली तरी स्वतःहून सुरू करू नका. हे औषध ओढल्यावर काही जणांच्या श्वासनलिका आवळतात. दमा असलेल्यांत हे जास्त दिसतं, आणि सीओपीडीच्या बऱ्याच रुग्णांत दम्याचा अंश असतोच. म्हणून पहिला डोस दवाखान्यात, कोणाच्या तरी नजरेखाली. पुढे घरी घेतानाही आधी सालब्युटामॉलसारखं नळ्या रुंद करणारं औषध, मग दहा-पंधरा मिनिटं थांबून हे. ओढताना छाती आवळली, शिट्टीसारखा आवाज आला, तर मास्क काढा, औषध बंद, सालब्युटामॉल द्या आणि डॉक्टरांना कळवा. ‘संपू दे एवढं, वाया जाईल’ असं म्हणत उरलेलं ओढायला लावू नका.

नेब्युलायझरबद्दल आणखी एक. त्याच्या कपात फक्त नेब्युलायझरसाठी बनवलेलं निर्जंतुक द्रावणच घालायचं. पाण्यात विरघळणारी गोळी फोडून कपात घातलेली मी पाहिली आहे, आणि पिण्याचं कफ सिरपही. फुप्फुसाला साखर, रंग आणि फेस झेपत नाही. औषध पातळ करायचं असेल तर नळाचं पाणी चालत नाही, निर्जंतुक सलाइन लागतं. दोन औषधं एकत्र घालायची का, हेही विचारूनच, कारण काही अँटिबायोटिक्सबरोबर हे जमत नाही. वापरून झाल्यावर कप आणि मास्क साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळू द्या. ओलसर कपात जंतू मजेत वाढतात आणि पुढच्या वेळी तुम्हीच ते छातीत फवारता. मास्कने घेतलं असेल तर चेहराही धुवावा, हे औषध सुकल्यावर चिकट राहतं.

वेळ कोणती? नेब्युलायझरचं औषध झोपायच्या तोंडावर घेऊ नये. कफ सुटायला लागतो आणि माणूस आडवा होतो, मग रात्रभर ढास. जेवणावरही नको, खोकल्याच्या उबळीत उलटी होते. सकाळी उठल्यानंतर आणि संध्याकाळी जेवणाआधी, या दोन वेळा मला सोयीच्या वाटतात. त्यानंतर अर्धा तास मोकळा ठेवायचा, कारण खरं काम तेव्हाच असतं.

ते काम बाबांना शिकवा, कारण ते कुठल्याही गोळीइतकंच मोलाचं आहे. खुर्चीत ताठ बसायचं, खांदे सैल. मिनिटभर नेहमीचा शांत श्वास. मग नाकाने सावकाश खोल श्वास, दोन-तीन सेकंद आत धरायचा, आणि जोर न लावता सोडायचा. असे तीन-चार. धरून ठेवण्याचा मुद्दा असा की त्या वेळात हवा कफाच्या मागच्या बाजूला शिरते आणि पुढे त्याला मागून ढकलते. मग चष्म्याची काच पुसण्याआधी तिच्यावर वाफ सोडतो ना, तसं तोंड उघडं ठेवून, घसा मोकळा ठेवून ‘हाऽऽ’ असा जोरात लांब उच्छ्वास, एक-दोनदा. लांब, खालपर्यंत सोडलेला ‘हा’ खोलातला कफ हलवतो, आणि मोठा श्वास घेऊन सोडलेला छोटा, जोरकस ‘हा’ वर आलेला कफ बाहेर काढतो. मग पुन्हा शांत श्वास. हे चक्र दहा-पंधरा मिनिटं, किंवा लागोपाठच्या दोन चक्रांत काही आलं नाही की थांबायचं. सारखं खोकत राहण्याने म्हातारी माणसं थकतात, नळ्या दबून बंद होतात आणि कफ मागेच राहतो. ‘हा’ करताना नळ्या उघड्या राहतात. चक्कर आली किंवा छातीत दुखलं तर लगेच थांबायचं, आणि अँजायना असल्यामुळे पहिल्यांदा हे फिजिओथेरपिस्टसमोरच करून घ्या.

पाणी आणि वाफ यांच्यावर लोकांची फार श्रद्धा. पाणी कमी पडलेल्या माणसाचा कफ घट्ट होतो हे खरं. पण जो पुरेसं पितो त्याने आणखी दोन तांबे प्यायल्याने कफ आणखी पातळ होत नाही, ते पाणी लघवीवाटे निघून जातं. हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असेल आणि डॉक्टरांनी पाण्यावर मर्यादा घातली असेल, तर ती कफासाठी मोडू नका. वाफेने नाक मोकळं वाटतं, तेवढ्यापुरती ठीक. पण उकळत्या पाण्याचं भांडं उलटून भाजलेली मुलं आणि म्हातारी माणसं पाहिल्यापासून मी तिची शिफारस करणं सोडलं आहे.

आता गोळीविषयी. ती पेलाभर पाण्यात पूर्ण विरघळू द्यायची आणि लगेच प्यायची, करून ठेवायची नाही. कोरडी गिळायची नाही, चघळायचीही नाही. गोळ्यांच्या नळीचं झाकण दरवेळी घट्ट लावा, दमट हवेने गोळ्या बिघडतात. फेस येणाऱ्या गोळीत सोडियम असतं, ते किती ते खोक्यावर लिहिलेलं असतं. दिवसाला २००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम, अशी जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठी मर्यादा आहे. ज्याचं मीठ रक्तदाबासाठी किंवा पायावरच्या सुजेसाठी तोडलं आहे, त्याने हा आकडा हिशेबात धरलाच पाहिजे. जास्त वाटला तर डॉक्टर साधी कॅप्सूल किंवा कार्बोसिस्टीन देऊ शकतात. तोंडाने अँटिबायोटिक चालू झालं, तर त्यात आणि या गोळीत दोन तासांचं अंतर ठेवा.

पोटात अल्सर असेल किंवा पूर्वी रक्तस्राव झाला असेल तर ते डॉक्टरांना सांगितल्याशिवाय ही औषधं घेऊ नयेत. जठराच्या आतल्या भिंतीलाही श्लेष्माचंच अस्तर असतं, आणि औषधाला छातीतला श्लेष्मा कोणता आणि पोटातला कोणता हे कळत नाही. ताजा अल्सर असताना कार्बोसिस्टीन तर वर्ज्यच. नायट्रेटचा मुद्दा असा की अ‍ॅसिटिलसिस्टिन नायट्रोग्लिसरीनसारख्या नायट्रेटचा रक्तवाहिन्या सैल करणारा परिणाम वाढवतं. डोकं ठणकतं, रक्तदाब उतरतो, उठून उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून सुरुवातीचे काही दिवस बाबांचा रक्तदाब बसून आणि मग उभं करून असा दोन्ही वेळा मोजा, आणि आकडे लिहून ठेवा. दोन्ही औषधं एकत्र चालणारच नाहीत असं नाही. पण तो निर्णय आकडे बघून डॉक्टरांनी घ्यायचा. अँजायनाची गोळी तुम्ही स्वतःहून बंद करायची नाही, हे मात्र ठळक लक्षात ठेवा.

बाकी त्रास म्हणाल तर मळमळ, जळजळ, कधी जुलाब, बहुतेकांना तेवढंही होत नाही. एक गोष्ट मात्र विरळ असूनही सांगते. अँब्रॉक्सॉल आणि ब्रोमहेक्झिनमुळे क्वचित गंभीर अ‍ॅलर्जी आणि त्वचेवर तीव्र परिणाम होऊ शकतात. २०१५ मध्ये युरोपच्या औषध नियामकांनी त्यांच्या माहितीपत्रकांत हा इशारा घालायला लावला. अंगावर चट्टे, तोंडात किंवा डोळ्यांत फोड, सोबत ताप आला, तर पुढचा डोस न देता थेट इस्पितळ गाठा.

किती दिवस, हा तुमचा मूळ प्रश्न. साध्या सर्दीनंतरच्या खोकल्यात हे औषध लांबवण्यात अर्थ नाही. तो खोकला सरासरी १८ दिवस रेंगाळतो आणि लोकांना वाटतं आठवड्यात जायला हवा, म्हणून बाटल्यांवर बाटल्या संपतात. सीओपीडीत हिशेब वेगळा आहे. तिथे औषध मुख्यतः रोज कफ काढणाऱ्यांना, आणि वर्षातून आजार किती वेळा बळावतो ते कमी व्हावं म्हणून देतात. फुप्फुसाची झीज ते थांबवत नाही. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या चाचणीत रोज ६०० मिलिग्रॅम तीन वर्षं देऊनही झीज तेवढीच राहिली. २०१४ ला चीनमधल्या चाचणीत दिवसातून दोनदा ६०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांत आजार बळावण्याचं प्रमाण सुमारे २२ टक्क्यांनी कमी आढळलं. मग २०२४ ला, तिथल्याच सौम्य ते मध्यम आजाराच्या रुग्णांत, तीच मात्रा दोन वर्षं देऊन फायदा दिसला नाही. यावरून बाबांची गोळी दुप्पट करायची असा अर्थ काढू नका, आणि ‘मग काय उपयोग’ म्हणून टाकूनही देऊ नका. मी काय करते ते सांगते. चार आठवडे देते आणि मग विचारते: सकाळी छाती मोकळी व्हायला पूर्वीपेक्षा कमी वेळ लागतो का? बेडका सहज सुटतो का? उत्तर ‘हो’ असेल तर चालू ठेवते आणि दर काही महिन्यांनी गरज तपासते. ‘काही फरक नाही’ असेल तर बंद. बंद करताना मात्रा हळूहळू उतरवायची गरज नाही, याची सवय लागत नाही. वर्षभर आणि त्याहून जास्त दिवस घेतलेल्यांतही तब्येतीवर मोठा दुष्परिणाम चाचण्यांत दिसलेला नाही, तेव्हा ‘कायम’ या शब्दाची भीती नको. विनाकारण कायम मात्र नको. आणि ही गोळी इनहेलरच्या जागी नाही, त्याच्या जोडीला आहे. गोळीने बरं वाटलं म्हणून इनहेलर सोडणारे रुग्ण मला दर हिवाळ्यात इस्पितळात भेटतात.

बेडक्यात रक्त आलं, बसल्या जागी धाप लागली, ओठ निळसर पडले, बाबा बरळायला लागले किंवा नेहमीपेक्षा गुंगीत दिसले, छातीत दुखलं, तर कफाच्या औषधाचा विचार बाजूला ठेवा आणि तातडीने इस्पितळात न्या. नवा खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला, वजन उतरत असेल, संध्याकाळी कणकण असेल, तर बेडक्याची क्षयरोगासाठी तपासणी आणि छातीचा एक्स-रे हवाच. जुन्या सिगारेट ओढणाऱ्याचा खोकला ‘नेहमीचाच’ म्हणून सोडून देऊ नये, त्यामागे कधी कर्करोगाची गाठही निघते.

आता मुलगी. तिच्या श्वासनलिका मुळात अरुंद आहेत आणि खोकल्याचा जोर अजून तयार झालेला नाही. कफ पातळ होऊन वाढला तर तो तिला बाहेर काढता येत नाही, आणि त्याच वॉर्डातल्या गृहस्थांची गोष्ट इथे लहान अंगात घडते. म्हणूनच फ्रान्सने २०१० मध्ये दोन वर्षांखालच्या मुलांना कार्बोसिस्टीन आणि अ‍ॅसिटिलसिस्टिन देण्यावर बंदी घातली. या वयातली घरघर बहुतेकदा नाकात आणि घशात साठलेल्या शेंबडाची असते, छातीवर हात ठेवला तरी जाणवते, आणि घरचे ती छातीतली समजतात. नाकात सलाइनचे थेंब घाला, थोडं थोडं पण वारंवार दूध-पाणी द्या, आणि ती शांत झोपलेली असताना पोट वर-खाली होताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. तिच्या वयाला मिनिटाला ४० किंवा त्याहून जास्त श्वास म्हणजे वेग वाढलेला आहे, त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. श्वास घेताना फासळ्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, ती दूध ओढत नसेल, किंवा उठवूनही नीट जागी होत नसेल, तर मोजत बसू नका, तशीच उचलून न्या, रात्रीचे दोन वाजले असले तरी.